टाकीचा रकाना

मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. गुरुदत्त,

अनेक आशीर्वाद. आशीर्वादांना उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून तेवढ्यापासून सुरुवात करते. गेल्या सहा वर्षांत दिवाळीची कार्डं धरून मी तुला अकरा पत्रं लिहिली. तुझं एकही नाही. आपल्याकडे एकेका ग्रंथावर शंभर शंभर टीका झाल्या, पण निदान मूळ ग्रंथ तरी असायचा. मी न आलेल्या उत्तरांवर भाष्य लिहीत बसले आहे.

मंगलाचरण संपलं. विषय असा. आपल्या सुमेरू सोसायटीला चाळीस वर्षं पूर्ण होतायत. येत्या सव्वीस जानेवारीला गच्चीवर सत्यनारायण आहे, आणि यंदा प्रसादाचा द्रोण हातात देऊन मोकळं करायचं नाही म्हणे. सोळा बिऱ्हाडं, सासरी गेलेल्या लेकी, जावई, घरं विकून गेलेले जुने लोक, अशी दोनशे पानं. मांडव गच्चीवर, आचारी गच्चीवर, पंगतही गच्चीवर. एवढा उत्साह कशाचा म्हणशील, तर तुझाच. ऑक्टोबरात इमारतींचं उरलेलं आयुष्य मोजणारी तुझी पेटी येऊन गेली. तीन दिवस जिन्याखाली बसली आणि सुमेरूचा टिपणीस अंक निघाला साडेसहा. चाराच्या खाली घर सोडा, सहाच्या वर निर्धास्त झोपा, हे आता इथल्या भाजीवालीलाही पाठ आहे. सेक्रेटरी पोपटराव गायकरांनी तो दाखला लॅमिनेट करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुरूचं यंत्र आहे हे. चड्डीत बघितलाय त्याला."

गुरू, अंक चुकलाय.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खांबाला चीर आहे. दसऱ्याला तिच्यात नख जायचं, आज पेन्सिल उभी राहते. आमचं स्वयंपाकघराचं दार लागत नाही. आणि आनंदचे पाय. तुझ्या मेहुण्याला आता दिसत नाही, हे तुला चौथ्या पत्रात कळवलं होतं. काचबिंदू. तो घरात पावलं मोजून चालतो. परवा म्हणाला, "शुभा, बाल्कनीकडे जाताना उतार लागतो." मी म्हटलं, "साठीला आलास, आता सगळीकडेच उतार लागायचा." तो हसला नाही. मग मी जमिनीवर लिंबू ठेवलं. लिंबू गेलं.

तू ये. जेवायला येऊ नकोस, सव्वीसच्या आधी ये. एकदा बघ आणि लोकांना सांग. माझ्यापाशी फक्त एक लिंबू आहे, त्याच्यावर दोनशे माणसं गच्चीवरून उतरणार नाहीत.

तुझी
शुभाताई


मंगळवार, २३ डिसेंबर

चि. गुरुदत्त,

काल माजिवड्याला तुझ्या टॉवरखाली पाऊण तास उभी होते. वॉचमनने वर फोन लावला. तू घरात नव्हतास असं तूच त्याला फोनवर सांगितलंस. एवढा मोठा भौतिकशास्त्रज्ञ, एकाच वेळी दोन ठिकाणी असणं तुला जमत असेलही.

ऋजुता मात्र खाली आली. तुझी मुलगी तुझ्यापेक्षा बरी वाढवली आहेस. "आत्या, बाबा कुणाचीच पत्रं उघडत नाही गं," म्हणाली. "तुझीच नाही. ज्यांची घरं रिकामी केली ना अंकामुळे, त्यांची येतात. कल्याणची, भिवंडीची, कुठची कुठची. पाकिटावर आल्याची तारीख घालतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. चार ड्रॉवर भरलेत. सकाळी उठून पेपरात काहीतरी शोधतो, शेवटच्या पानापर्यंत. काय ते सांगत नाही. मिळालं नाही की दिवसभर गप्प."

मी म्हटलं, "स्वतःचं नाव शोधत असेल."

"नाव नाही गं. नाव आलं की पान उलटतो."

तिथून महापालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी फाईल काढली. "मॅडम, तुमचा साडेसहा आहे. इथे तीनवाले येऊन रडतात. साडेसहावाल्या तुम्ही पहिल्याच." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, दाखल्यावर हरकत घ्यायची तर सोसायटीचा ठराव आणा, नाहीतर खुद्द डॉक्टर टिपणिसांची चिठ्ठी आणा. मी म्हटलं, ते माझे भाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू रोज तुझ्या चार बहिणी तिथे येतात.

म्हणजे चिठ्ठी हवी. दोन ओळींची. तू शाळेत माझ्याकडून किती चिठ्ठ्या लिहून घेतल्यास, "पोटात दुखत असल्यामुळे", आठवतं?

आणि ते वर्षही आठवत असेल. चौऱ्याण्णव. गणपती मंडळाचा फुटका भोंगा आणून त्याचं चुंबक काढलंस, तांब्याची तार गुंडाळलीस आणि गच्चीच्या जिन्यात ते धूड बसवलंस. रस्त्यावरून ट्रक गेला की काटा हलायचा. तू कॉलेजात, म्हणून सकाळी सहाला आणि दुपारी दोनला काटा मी वाचायचा. तारीख, वेळ, आकडा: वहीत तीन रकाने. मी एम. ए.चं पाठांतर करत गच्चीवर बसायचे, तुझा काटा थरथरायचा. आठ महिने तुझे आकडे जुळेनात. तू जेवण सोडलंस. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण शुक्रवारी आकडा वेगळा येतो एवढं दिसत होतं, आणि शुक्रवारी आपल्याकडे पाणी बंद. म्हणून मी वहीत चौथा रकाना आखला. टाकी: भरलेली, अर्धी, रिकामी.

तू त्या रकान्याकडे बघत राहिलास आणि रात्रीचं जेवण माझ्या ताटातलं खाल्लंस.

पुढची वीस वर्षं तुझी. प्रत्येक इमारत आपसूक थरथरते, पहाटेच्या गारव्यात एक लय, दुपारच्या उन्हात दुसरी. आतलं लोखंड गंजलं की या दोन लयींतलं अंतर बदलतं, आणि किती बदललं यावरून तिचे किती दिवस उरले ते कळतं. हे तू शोधलंस, मी नाही. पण वर चाळीस हजार लिटर पाणी नसेल तर इमारत हलकी होते आणि आहे त्यापेक्षा तरुण दिसते, हे आपल्या दोघांना त्याच वहीत सापडलं. म्हणून तर तुझ्या पेटीबरोबरच्या कागदावर पहिलाच प्रश्न असतो: गच्चीवरची टाकी भरलेली आहे का?

ऑक्टोबरात टाकी रिकामी होती, गुरू.

त्यांनी आदल्या रात्री सोडून दिली. प्रत्येकाने माळ्यावरचे पिंपही उपसले. यंत्र घेऊन आलेल्या महेंद्रांनी विचारलं, "टाकी भरलेली ना?" पोपटराव म्हणाले, "काठोकाठ." महेंद्र वर बघायला निघाले, तर गच्चीची किल्ली पोपटरावांच्या बायकोकडे आणि बायको माहेरी. साखर तपासायच्या आधी दोन दिवस भात सोडणारी माणसं ही. इमारतीलाही त्यांनी उपास घडवला. आपण डॉक्टरला फसवतो आहोत असं उपास करणाऱ्याला वाटतच नाही. आपण शहाण्यासारखे वागलो असं वाटतं.

हे कळल्यावर तरी येशील.

शुभाताई


रविवार, ४ जानेवारी २०२६

गुरू,

आज सोसायटीची सभा झाली. विषय एकच, जिलबी की श्रीखंड. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला एक बोलायचंय. अंक खोटा आहे. टाकी रिकामी होती म्हणून साडेसहा आला. भरलेल्या टाकीने चार तरी येतो का शंका आहे. गच्चीवर दोनशे माणसं चढवू नका. खरं तर आपण कुणीच इथे राहू नये."

मग तळमजल्यावरची कल्पिता हसली. मग सगळेच.

पोपटराव म्हणाले, "ताई, तुमचं आपलं काहीतरी असतं!"

"मी गंभीरपणे बोलतेय."

"तेच तर! चेहरा असा गंभीर करता ना, म्हणूनच जास्त हसू येतं. मागल्या साली नाही का म्हणालात, लिफ्ट बसवली तर चौथ्या मजल्यावरच्यांना मोक्षाची घाई होईल?"

मी चिरेचं सांगितलं. सिमेंट भरू म्हणाले. लिंबाचं सांगितलं. कल्पिता म्हणाली, "आमच्याकडे पण गडगडतं, ताई. लिंबू गोलच असतं." आनंदच्या पायांचं सांगितलं, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. आंधळ्या माणसाबद्दल आदराने गप्प बसतात तसे. ऐकून घेण्याची शांतता ती नव्हे.

चाळीस वर्षं मी या लोकांना हसवलं. पाणी नाही, हसवलं. जिन्यात दिवा नाही, हसवलं. आज मला एकदाच खरं बोलायचं होतं तर माझ्यापाशी त्याला लागणारा आवाजच नव्हता. तुझ्या सत्कारातही हेच झालं ना? ठाण्याच्या त्या सभागृहात मी माईकवर म्हटलं, "शोध माझा, अंक त्याचा, आमच्याकडे घरकामाची वाटणी अशीच असते." लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: शोध नक्की कोणाचा? तुझ्या संस्थेने तुझ्याकडे खुलासा मागितला. वीस वर्षांच्या कामाचा खुलासा. तू फोनवर म्हणालास, "ताई, दरवेळी हसवायलाच हवं का?" आणि ठेवलास. मी त्यावरही एक विनोद तयार करून ठेवला होता. तू परत फोन केला नाहीस म्हणून तो वाया गेला, आणि मला सहा वर्षं त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. इतकी मी मूर्ख.

आणखी एक. मागच्या पत्रात "त्यांनी" टाकी सोडली असं लिहिलं. टाकी रिकामी केली की इमारत तरुण होते हे पोपटरावांना कुठून कळणार? मी सांगितलं. सप्टेंबरच्या सभेत, गमतीत. "आपल्या सुमेरूला नवरा मुलगा बघायला येतोय, तर तिचं जरा वजन उतरवा," असं काहीतरी. लोक हसले. पोपटराव हसता हसता लिहून घेत होते.

बावीस दिवस उरलेत. चिठ्ठी पाठव. नसेल यायचं तर नको येऊ, चिठ्ठी पाठव.

शु.


रविवार, ११ जानेवारी

गुरू,

गमतीत नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला. सभेत गंमत केली ती केली. पण पोपटराव दुसऱ्या दिवशी दारात आले आणि म्हणाले, "ताई, ते टाकीचं खरं का?" तेव्हा मी "मस्करी होती हो" म्हणू शकत होते. मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, तुझी जुनी वही काढली आणि शुक्रवारचे आकडे दाखवले. माळ्यावरचे पिंप उपसायची सूचनाही माझीच. किल्ली माहेरी पाठवायची युक्ती तेवढी त्यांची.

का, तर आनंद. दिवाणापासून दार सात पावलं. दारापासून बाल्कनी अकरा. ओट्यापाशी उजवीकडे वळताना फ्रीजचा कोपरा, तिथे तो नेहमी हात पुढे करतो. गेली तीन वर्षं या घरात तो आंधळा नाही. दुधाची पिशवी तो घेतो, तुळशीला पाणी तो घालतो, माझा चहा तो करतो, आणि तुझ्यापेक्षा बरा करतो. अंक चारखाली आला असता तर आम्हाला कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत जावं लागलं असतं, आणि तिथे तो पहिल्यांदा खरा आंधळा झाला असता. मला ते बघायचं नव्हतं. एका माणसाच्या अकरा पावलांसाठी मी सोळा घरं पणाला लावली. सगळ्यांना वाटतं यंत्राने वाचवलं.

आनंदला मी काल सांगितलं. तो भिंतीवर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "दुपारी अडीचच्या सुमाराला भिंतीत आवाज येतो. कट् असा. आधी आठवड्यातून एकदा यायचा. आता रोज येतो. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोललो नाही."

"मी तुला घाबरवायचं नाही म्हणून गप्प, तू मला," मी म्हटलं.

"तीस वर्षांचा संसार आहे," तो म्हणाला. "दुसरं काय करणार?"

आज अडीच वाजता मी भिंतीला कान लावून बसले. कट्.

तू हे वाचणार नाहीस. पाकिटावर तारीख घालशील आणि पाचवा ड्रॉवर उघडशील. मी ड्रॉवरला पत्र लिहितेय. ड्रॉवरा, बाबा रे, त्याला सांग.


(पोस्टकार्ड)

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

गुरू, कार्डाला पाकीट नसतं, म्हणून हे तुला वाचावंच लागेल. पोस्टमन वाचेल, वॉचमन वाचेल, ऋजुता वाचेल, वाचू देत. सुमेरूच्या तपासणीत टाकी रिकामी होती. रिकामी करायला लावली मी, तुझ्या बहिणीने, जाणूनबुजून. २६ तारखेला गच्चीवर दोनशे माणसं. तिळगूळ घे, गोड बोलू नकोस, पण ये.
शुभदा


मंगळवार, २० जानेवारी

चि. गुरुदत्त,

तू होतास, तरी लिहिते, कारण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही.

रविवारी पहाटे पावणेपाचला बेल वाजली. आनंदने दार उघडलं आणि म्हणाला, "गुरू, केस पांढरे झाले असतील ना?" तुझ्या पायरवावरून ओळखलं त्याने. मी आतून बाहेर येईपर्यंत तू गच्चीकडे निघालाही होतास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही. मी असते तर मीही पाहिलं नसतं.

तू टाकीचं झाकण उघडून हात घालून बघितलंस, टाकी काठापर्यंत भरेस्तोवर तिथेच उभा राहिलास, मग बरोबर आणलेल्या पेटीवर सहाला एक आकडा घेतलास आणि दोनला एक. मधले आठ तास गच्चीच्या जिन्यात बसून राहिलास, चौऱ्याण्णव साली मी बसायचे त्याच पायरीवर. मी चहा आणून ठेवला. गार झाला. दुसरा ठेवला. तोही. अडीचला भिंत वाजली तेव्हा तू मान वर केलीस. तुझा चेहरा मी पाहिला, आणि अंक विचारायची गरज उरली नाही.

मी वही आणून तुझ्यासमोर धरली. तीस वर्षांनी तिच्यात तू ओळ लिहिलीस. तारीख, वेळ, आकडा: तीन पूर्णांक एक दशांश. चौथ्या रकान्यात "भरलेली" लिहिलंस आणि तेव्हा एकदाच माझ्याकडे पाहिलंस.

अंगणात तू चार वाक्यांत सांगून टाकलंस. कुणी हसलं नाही. तुला तो आवाज आहे. पोपटराव म्हणाले, "अरे गुरू, आपलंच घर रे! तुझ्या बापानं हप्ते भरले इथे!" तू म्हणालास, "म्हणूनच आलो." आणि गेटाबाहेर पडलास.

त्यानंतरचं हे. पोपटरावांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, त्याला कोणी बोलावलं?" मी सांगितलं. वही, टाकी, कार्ड, आनंद, सगळं. या वेळी सगळ्यांनी ऐकून घेतलं. कल्पिता माझ्या पायांशी थुंकली. चुकून माझ्या चपलेवर पडलं. मला विनोद सुचला होता. मी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

सत्यनारायण रद्द झाला. काल कचेरीतून माणसं येऊन गेली. एकतीस तारखेच्या आत सगळ्यांनी निघायचं आहे.

शुभाताई


कल्याण (पश्चिम)
रविवार, १५ मार्च

गुरू,

हे पत्र कार्डावर मावणार नाही. उघडलंस तर बरं, नाहीतर तारीख तेवढी नीट घाल.

आम्ही दोन खोल्यांत आहोत. पहिला आठवडा आनंद दिवाणावरून उठलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात उठला आणि दाराच्या चौकटीवर कपाळ फोडून घेतलं. मी जखम पुसत होते, तर म्हणाला, "रडू नकोस, मोजणी चुकली फक्त." आता बाथरूमपर्यंत नऊ पावलं पाठ झालीत. चहा अजून मीच करते. तो पितो आणि काही बोलत नाही, याच्याइतकी कडक टीका माझ्या आयुष्यात कुणी केली नाही.

सुमेरू उभी आहे.

दीड महिना झाला. सोळा घरं रिकामी, गेटाला पत्रा ठोकलेला, आणि ती उभी आहे. पोपटराव रोज सकाळी रिक्षाने जाऊन बघून येतात आणि मला फोन करतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, उभी हाय." ठेवतात. कल्पिताच्या मुलीचा दहावीचा अभ्यास मावशीच्या स्वयंपाकघरात बसून चालू आहे. चौथ्या मजल्यावरची सरोज लेकीकडे राहायला गेली आणि जावयाने पंधरा दिवसांत तोंड वाकडं केलं. सगळे म्हणतात, या भावंडांनी आम्हाला घालवलं, इमारत बघा कशी खणखणीत आहे. महापालिका पाडणार आहे, पण कधी ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून आता मी रोज सकाळी उठते ती पोपटरावांच्या फोनची वाट बघत. आणि फोन वाजायच्या आधी मनात एकच शब्द असतो. पड.

माझं माहेर आहे ते, गुरू. आईने त्या बाल्कनीत पापड वाळवले. आणि मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी म्हणते, पड एकदाची, म्हणजे मी सुटेन. परवा असं म्हणत असताना मला ऋजुताचं बोलणं आठवलं. पेपर. शेवटच्या पानापर्यंत. सापडलं नाही की दिवसभर गप्प.

तू नावं शोधत होतास. रिकाम्या केलेल्या इमारतींची. किती आहेत? दोनशे? चारशे? चार ड्रॉवर भरून माणसं, आणि त्यांच्यातल्या एकेकाला तू खरा होतास हे पटायचं, तर त्यांचं घर पडायला हवं. सहा वर्षं रोज सकाळी तू हे करत होतास, आणि मला वाटत होतं तू माझ्यावर रुसला आहेस. केवढा हा माझा अहंकार! माझ्या एका फालतू वाक्यावर कोणी सहा वर्षं खर्च करत नाही. ते मला आवडलं असतं, एवढंच.

आज सकाळी पोपटरावांच्या आधी मीच तिथे गेले. पत्र्याच्या फटीतून आत शिरले. रागावू नकोस, फक्त तळमजल्याच्या पहिल्या खांबापर्यंत. खांबाला हात लावला. मानपाडा रोडवरून ट्रक गेला आणि तो थरार माझ्या तळव्यात आला, अगदी चौऱ्याण्णवसारखा. मला वाटलं होतं मी म्हणेन, पड. पण तोंडून आलं, "उभी राहा गं बाई. आम्ही खोटे पडलो तरी चालेल. पाडायला येतील तोवर उभी राहा."

ते मी तुझ्या वतीनेही म्हटलं. तुला विचारलं नाही. सवयच आहे मला तुझ्या वतीने बोलायची, या वेळी माईक नव्हता एवढंच.

पोपटराव गेटाशी भेटले. मला पत्र्यातून बाहेर येताना पाहिलं आणि हात पुढे केला. बाहेर ओढून घेतलं, साडीचा काठ पत्र्यात अडकला होता तो सोडवला. फोन मात्र आज आला नाही.

वही माझ्याजवळ आहे. तुझ्या ओळीखाली मी आजची ओळ घातलीय. १५ मार्च, सकाळी सात. टाकी: रिकामी. आणि चौथ्या रकान्याच्या पुढे एक पाचवा आखलाय. इमारत: उभी.

आकड्याचा रकाना कोरा ठेवलाय. नऊ पावलांवर बाथरूम आहे, पाच पावलांवर दार. बेल वाजवलीस तर उघडायला आनंदच येईल, त्याला जरा वेळ दे.

तुझी
शुभाताई